टायरोची वंशावळ कशी मांडावी : ग्रीक पुराणकथांत नव्याने शिरणाऱ्यांसाठी

ग्रीक पुराणकथा वाचायला घेणारे बहुतेक जण हेराक्लीस, ट्रॉयचं युद्ध किंवा मेडुसापासून सुरुवात करतात. पहिले काही दिवस मजेत जातात. मग नावांची गर्दी सुरू होते. हा कोणाचा मुलगा, तो कोणाचा पुतण्या, आणि या दोघांचं वैर नेमकं कशावरून, हे कळेनासं होतं. अशा वेळी नायकांना थोडं बाजूला ठेवावं आणि एखादी दुय्यम वाटणारी राजस्त्री धरून तिच्या घराण्यातून वाट काढावी, असं माझं ठाम मत आहे. पुराणकथांत स्त्रिया एका घरातून दुसऱ्या घरात जातात, त्यामुळे दोन घराण्यांचे सांधे त्यांच्यापाशी सापडतात.

या लेखासाठी मी टायरो निवडली आहे. ती सॅल्मोनिअस राजाची मुलगी आणि आयोल्कसच्या क्रेथिअस राजाची राणी. तिच्या नावावर आज एकही अखंड नाटक किंवा महाकाव्य नाही. पण सोनेरी लोकर आणायला निघालेला जेसन तिचा नातू. ट्रॉयच्या युद्धातला वयोवृद्ध सल्लागार नेस्टरही तिचाच नातू. ज्याच्या जागी मरायला बायको तयार झाली तो ॲडमेटस तिचा नातू, आणि ती बायको, अल्सेस्टिस, तिची नात. चार प्रसिद्ध पात्रं एकाच आजीपाशी येऊन मिळतात.

सामान फार लागत नाही. एक मोठा कोरा कागद, पेन्सिल, खोडरबर, दोन रंगांची पेनं आणि एक वही. मूळ ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस डिजिटल लायब्ररीत आणि थिऑय या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. शोधताना नाव टी-वाय-आर-ओ असं टाका आणि सोबत तिच्या वडिलांचंही नाव टाका. नुसतं तिचं नाव टाकलंत तर 'नवशिक्या' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचीच पानं समोर येतील.

पायरी १ : आधी पंचवीस ओळी वाचा

विश्वकोशातली नोंद आधी उघडू नका. तिथे हजार वर्षांतल्या वेगवेगळ्या कथा एकाच परिच्छेदात कालवलेल्या असतात आणि कोणती गोष्ट कुठून आली ते नंतर सोडवता येत नाही. सरळ होमरच्या 'ओडिसी'कडे जा. संदर्भ ११.२३५ ते २५९ असा दिलेला असतो. त्यातला ११ हा सर्गाचा आकडा आणि पुढचे ओळींचे. इंग्रजी गद्य अनुवादातही हे आकडे बहुधा समासात छापलेले असतात, त्यामुळे जागा लगेच सापडते.

प्रसंग मृतांच्या लोकाचा आहे. काव्याचा नायक ओडिसिअस तिथे पोचला आहे आणि जुन्या काळच्या राण्या आणि राजकन्या एकेक करून त्याच्यापुढे येत आहेत. त्यांत सगळ्यांत पहिली येते टायरो. ती सांगते की आपण निष्कलंक सॅल्मोनिअसची मुलगी आणि इओलसचा मुलगा क्रेथिअस याची बायको. तिचं मन एनिपिअस नदीवर जडलं होतं (ग्रीकांत नद्या हे पुरुष देव असतात). पृथ्वीवरच्या नद्यांत तो सर्वांत देखणा, आणि ती पुन्हा पुन्हा त्याच्या काठी जायची. समुद्रदेव पोसायडनने हे हेरलं. त्याने एनिपिअसचं रूप घेतलं आणि नदीच्या मुखाशी तिला गाठलं. डोंगराएवढी जांभळी लाट कमान करून दोघांभोवती उभी राहिली आणि तिने देवाला आणि त्या मुलीला झाकून टाकलं. देवाने तिच्यावर झोप पसरली. नंतर तिचा हात हातात घेऊन तो सांगतो की वर्ष फिरताच तुला तेजस्वी मुलं होतील, त्यांना नीट वाढव, आता घरी जा, पण तोंड बंद ठेव, माझं नाव घेऊ नकोस. आणि मग नाव सांगतो: मी भूमी हलवणारा पोसायडन. एवढं बोलून तो समुद्रात बुडी मारतो.

इथे थोडं थांबा. अनेक सोप्या पुस्तकांत हा प्रसंग 'पोसायडन आणि टायरोचं प्रेम' असा येतो. तसं लिहू नका. तिला हवा होता एनिपिअस, तिच्याजवळ आला दुसराच, आणि तो कोण हे तिला सगळं झाल्यावर कळलं. ही फसवणूक आहे आणि होमरने ती लपवलेली नाही. वहीत तिची नोंद फसवणूक म्हणूनच करा.

शेवटच्या सहा ओळींत मुलं येतात. पोसायडनपासून पेलिअस आणि नेलिअस. पेलिअस मेंढरांनी समृद्ध आयोल्कसमध्ये राहिला, नेलिअस वाळूच्या पायलोसमध्ये. क्रेथिअसपासून ईसन, फेरीस आणि रथातून लढणारा ॲमिथेऑन. एकूण पाच मुलगे.

आता वहीत दोन रकाने पाडा: 'होमर काय सांगतो' आणि 'होमर काय सांगत नाही'. दुसरा रकाना पहिल्याइतकाच कामाचा आहे. बाळांना टाकून दिल्याचा इथे उल्लेख नाही. सावत्र आई नाही. बापाच्या उद्दामपणाबद्दल अवाक्षर नाही, उलट त्याला निष्कलंक म्हटलं आहे. हे सगळं दुसरीकडून येणार आहे.

पायरी २ : अपोलोडोरसकडून कथेचा सांगाडा घ्या

अपोलोडोरसच्या नावावर असलेलं 'ग्रंथालय' हे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं संकलन आहे. भाषा रुक्ष, पण वंशावळीसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. आपल्याला हवा तो भाग १.९.७ ते १.९.१६, म्हणजे पहिला खंड, नववा अध्याय, पुढे परिच्छेद. जेम्स फ्रेझरचा १९२१ चा अनुवाद सहज मिळतो आणि त्याच्या तळटीपा तर मूळ मजकुराइतक्याच वाचनीय आहेत.

इथे सॅल्मोनिअस आधी थेसलीत राहतो, मग दक्षिणेला एलिसमध्ये जाऊन नगर वसवतो. मी म्हणजेच देवांचा राजा झ्यूस, असं तो म्हणू लागतो आणि देवाचे बळी स्वतःच्या नावाने द्यायला लावतो. रथामागे वाळलेली कातडी आणि काशाची भांडी बांधून तो ती फरफटत नेतो आणि त्या खडखडाटाला मेघगर्जना म्हणतो. पेटते पलिते आकाशात फेकतो आणि त्यांना वीज म्हणतो. झ्यूस खरी वीज टाकतो. राजा जातो, आणि त्याच्यासोबत नगर आणि सगळी प्रजाही.

टायरोला तिचा काका क्रेथिअस वाढवतो. नदीकाठचा प्रसंग होतो, जुळे होतात आणि ती त्यांना गुपचूप टाकून देते. तिथून घोड्यांचा कळप जात असतो. एका घोडीचा खूर एका बाळाच्या चेहऱ्याला लागतो आणि तो भाग काळानिळा पडतो. त्या डागावरून त्याचं नाव पेलिअस. घोडे राखणारा माणूस दोघांनाही उचलून नेतो आणि वाढवतो.

मोठे झाल्यावर मुलांना आई सापडते. सावत्र आई सिडेरो तिचा छळ करते हेही त्यांना कळतं. ते चालून जातात, सिडेरो पळून झ्यूसची राणी हेरा हिच्या देवळात शिरते, आणि पेलिअस तिला वेदीपाशीच ठार करतो.

हे वाक्य ठळक रंगात लिहून घ्या, कारण पुढची मोठी कथा इथूनच निघते. देवळात आश्रय घेतलेल्याला मारणं हा ग्रीकांच्या लेखी घोर अपराध. पेलिअस त्यानंतरही हेराला मान देत नाही. पुढे पेलिअस जेसनला सोनेरी लोकर आणायला पाठवतो. १.९.१६ मध्ये अपोलोडोरस एक शक्यता देतो की पेलिअसचा नाश करायला कोल्खिसची जादूगार राजकन्या मेडिया यावी म्हणून हे हेराच्या रागातून घडलं. मेडियाला आणायचं तर जेसनला कोल्खिसला पाठवायला हवं. म्हणजे आर्गो जहाजाची सफर, सोनेरी लोकर, पुढची मेडियाची शोकांतिका, हे सगळं टायरोच्या घरातल्या छळापर्यंत मागे नेता येतं. नायकांकडून वाचायला सुरुवात केली की हा धागा हाती लागत नाही. पेलिअस हा नुसता दुष्ट राजा वाटतो आणि हेरा विनाकारण जेसनवर प्रसन्न झालेली दिसते.

पायरी ३ : झाड काढा, टायरोला मधोमध ठेवून

छापील वंशावळींत वर बाप असतो आणि खाली मुलगे. तसं केलंत तर पेलिअस आणि जेसन दोन वेगळ्या फांद्यांवर जातात आणि त्यांचं नातं दिसत नाही. म्हणून कागदाच्या मध्यावर टायरो लिहा. डावीकडे पोसायडन, उजवीकडे क्रेथिअस. डावीकडून पेलिअस आणि नेलिअस, उजवीकडून ईसन, फेरीस, ॲमिथेऑन.

आता वरचा भाग भरा. सॅल्मोनिअस आणि क्रेथिअस दोघे इओलसचे मुलगे, म्हणजे टायरोचं लग्न सख्ख्या काकाशी झालं. नात्यातली लग्नं दुहेरी रेघेने दाखवायची सवय लावून घ्या, पुढे ती वारंवार लागते. तिची आई अल्सिडिसी. इतिहासकार डिओडोरस सांगतो की ती वारल्यावर सॅल्मोनिअसने सिडेरोशी लग्न केलं. सिडेरोला बाजूला, पण झाडातच ठेवा.

खालची पिढी अशी: पेलिअसचा मुलगा अकॅस्टस, आणि मुलींमध्ये अल्सेस्टिस. नेलिअस भावाशी भांडून मेसिनीत जातो, पायलोस वसवतो, क्लोरिसशी लग्न करतो. त्यांना एक मुलगी, पेरो, आणि अपोलोडोरसच्या यादीप्रमाणे बारा मुलगे. पुढे हेराक्लीस पायलोसवर चालून येतो आणि त्यातले अकरा मारतो. नेस्टर दूर गेरेनियन लोकांत वाढत होता म्हणून वाचला. ईसनचा मुलगा जेसन. फेरीसचा मुलगा ॲडमेटस. ॲमिथेऑनचे बायस आणि मेलॅम्पस.

एवढं झालं की पेन्सिलीने आडव्या रेघा ओढा. पहिली अल्सेस्टिस आणि ॲडमेटस यांच्यामध्ये. दोघंही टायरोची नातवंडं, एक डाव्या फांदीवरची, दुसरा उजव्या. दुसरी रेघ पेरो आणि बायस यांची. तीही नातवंडं, तीही दोन बाजूंची. डाव्या आणि उजव्या फांद्या भांडतात आणि पुन्हा लग्नांनी जोडल्या जातात. तिसरी रेघ जरा वेगळी: ॲमिथेऑनची बायको इडोमेनी ही त्याच्याच भावाची, फेरीसची, मुलगी. आईच्या पिढीतलं काका-पुतणीचं लग्न पुढच्या पिढीत पुन्हा आलं.

एक खड्डा आधीच सांगून ठेवते. अपोलोडोरस म्हणतो की पेलिअसची बायको ॲनॅक्सिबिया ही बायसची मुलगी, आणि लगेच पर्यायही देतो की काहींच्या मते ती ॲम्फिऑनची मुलगी फिलोमाखी. बायसची बायको पेरो हे आपल्याला माहीत आहे, म्हणून ॲनॅक्सिबियाची आई पेरो असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. त्या ओळीत आईचं नाव नाही. ग्रंथात नसलेली रेघ शाईने कधीच ओढायची नाही.

पायरी ४ : कथा जुळत नाहीत, त्यांना जुळवू नका

नवीन वाचकाला सगळ्यांत जास्त त्रास इथे होतो. "मग खरी गोष्ट कोणती?" पुराणकथेत प्रत्येक कवी आपली गोष्ट सांगतो. आपलं काम एवढंच की कोणी काय सांगितलं ते त्याच्या नावावर लिहून ठेवायचं. तिसरा रंग लागला तरी चालेल.

बापाचंच घ्या. होमरचा निष्कलंक सॅल्मोनिअस आणि अपोलोडोरसचा उद्दाम राजा एकाच वाक्यात बसवता येत नाहीत. रोमन कवी व्हर्जिल तर 'इनीड'च्या सहाव्या सर्गात त्याला टार्टरसमध्ये, म्हणजे पाताळातल्या शिक्षेच्या जागी, शिक्षा भोगताना दाखवतो. हेसिओडच्या नावावर असलेली स्त्रियांची एक पद्यमय वंशावळ आहे, जी आज पपायरसच्या तुकड्यांतून उरली आहे. तिच्यातला एक तुकडा मला सगळ्यांत आवडतो. तिथे टायरो बापाशी भांडते. माणसाने देवांची बरोबरी करू नये असं ती त्याला ठणकावते, आणि म्हणूनच झ्यूस नगर जाळताना तिला वाचवून क्रेथिअसच्या घरी पोचवतो. होमरमध्ये जिला गप्प राहायला सांगितलं जातं, ती इथे राजाच्या तोंडावर बोलते. टायरोबद्दल एकच उतारा लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा.

हायजिनसच्या लॅटिन कथासंग्रहातली साठावी कथा अगदी वेगळी आणि भयंकर आहे. सिसिफस आणि सॅल्मोनिअस हे भाऊ एकमेकांचे वैरी. सिसिफसला अपोलोकडून कौल मिळतो की पुतणी टायरोपासून तुला मुलं झाली तर ती सूड घेतील. तिला दोन मुलगे होतात. कौल कळताच ती त्यांना मारून टाकते. हे दोन मुलगे मुख्य झाडात घालू नका. वहीच्या दुसऱ्या पानावर छोटं वेगळं झाड काढा आणि वर 'हायजिनस' लिहा.

बाळं कोणाला सापडली यावरही एकमत नाही. मिनॅन्डरच्या एका सुखान्तिकेत एक पात्र या कथेची आठवण काढतं, तिथे ती घोडेवाल्याला नव्हे तर शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला सापडतात आणि सोबत ओळख पटवणाऱ्या वस्तूंची पिशवी असते. आपल्याला इथे कुंती आणि कर्ण आठवणारच, माझ्याही मनात तेच येतं. तुलना जरूर करा, पण दोन्ही कथा स्वतंत्रपणे पुऱ्या वाचल्यावर. कर्णाला आईपासून तोडणारं सत्य आणि पेलिअस-नेलिअसला आईच्या बाजूने उभं करणारं सत्य यांत मोठा फरक आहे.

पायरी ५ : हरवलेल्या नाटकाचे माग काढा

अथेन्सचा शोकांतिकाकार सोफोक्लीस याने टायरोवर दोन नाटकं लिहिली. दोन्ही हरवली, काही ओळी तेवढ्या उरल्या. तरी रंगमंचावर काय दिसत होतं त्याचे माग निघतात, आणि हे काम पुराणकथांच्या अभ्यासातलं सर्वांत आनंदाचं आहे.

पहिला माग ॲरिस्टॉटलच्या 'पोएटिक्स'च्या सोळाव्या प्रकरणात. नाटकात ओळख कशी पटते याचे प्रकार सांगताना तो उदाहरण देतो: 'टायरो'त होडक्यावरून पटते तशी. म्हणजे बाळांना होडक्यासारख्या लाकडी पात्रात सोडलं होतं आणि तेच पुढे खूण म्हणून आलं. दुसरा माग ॲरिस्टोफनीसच्या 'लिसिस्ट्राटा' या इ.स.पू. ४११ मधल्या सुखान्तिकेत. बायकांवर चिडलेली लिसिस्ट्राटा म्हणते की आपण म्हणजे नुसतं पोसायडन आणि होडकं. अथेन्सच्या प्रेक्षकांना हा टोला कळत होता, म्हणजे टायरोची गोष्ट त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती. तिसरा पोलक्स या कोशकाराकडे: नाटकातल्या मुखवट्यांच्या यादीत तो गाल काळेनिळे पडलेल्या टायरोचा खास मुखवटा नोंदवतो. सिडेरोच्या माराचे वळ प्रेक्षकांना दिसत राहावेत म्हणून ही सोय. मुलाच्या चेहऱ्यावर खुराचा डाग आणि आईच्या गालांवर माराचे वळ, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहा.

पायरी ६ : नकाशा

हा भाग लवकर उरकतो. आयोल्कस थेसलीत, आजच्या व्होलोस शहराच्या परिसरात. फेरीसने वसवलेलं फेराई म्हणजे आजचं वेलेस्टिनो, तिथून जवळच. पायलोस पार नैऋत्येला मेसिनीत. एनिपिअस मात्र दोन आहेत: एक थेसलीत, एक एलिसमध्ये. टायरोची नदी एलिसमधली असं भूगोलकार स्ट्राबो म्हणतो. नकाशावर दोन्ही दाखवा आणि एलिसच्या नदीशेजारी त्याचं नाव लिहा.

पायलोसजवळ १९३९ मध्ये कार्ल ब्लेगेनने मायसीनी काळातला (ग्रीसच्या कांस्ययुगातला) राजवाडा खणायला सुरुवात केली. त्याला आज नेस्टरचा राजवाडा म्हणतात. ते नाव होमरवरून दिलेलं आहे, नेस्टर खरोखर होऊन गेला याचा तो पुरावा नव्हे. तिथल्या मातीच्या पाट्या १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने त्यांवरची लिपी उलगडल्यावर वाचता आल्या, आणि पायलोसमध्ये पोसायडनला मोठा मान होता हे त्यांतून दिसलं. आता 'ओडिसी'च्या तिसऱ्या सर्गाची सुरुवात वाचा. ओडिसिअसचा मुलगा टेलेमॅकस पायलोसला उतरतो तेव्हा किनाऱ्यावर पोसायडनला काळे बैल अर्पण करणं चाललेलं असतं: लोकांचे नऊ गट, प्रत्येकात पाचशे जण, प्रत्येकाचे नऊ बैल. एक्क्याऐंशी बैल, आणि यजमान पोसायडनचा नातू नेस्टर. तुमच्या झाडाची डावी बाजू हातात असेल तर हे दृश्य वेगळंच दिसतं.

पायरी ७ : ही वंशावळ कोणाच्या उपयोगाची होती?

ही नावं शतकानुशतकं कोणी आणि का जपली, हे विचारल्याशिवाय काम पुरं होत नाही. हिरोडोटस (५.६५) सांगतो की अथेन्सचा सत्ताधीश पिसिस्ट्राटस याचं घराणं स्वतःला नेलिअसच्या वंशातलं म्हणवत असे, आणि त्याचं नाव नेस्टरच्या मुलावरून ठेवलेलं होतं. अथेन्सचे जुने राजे कॉड्रस आणि मेलॅन्थस हेही त्याच कुळातले मानले जात. इ.स.पू. सहाव्या शतकातल्या अथेन्सच्या राज्यकर्त्याला टायरोच्या टाकून दिलेल्या बाळाचा वंशज म्हणवून घेण्यात मान वाटत होता.

कवी पिंडारच्या चौथ्या पिथियन गीतातही (इ.स.पू. ४६२) नात्याचा असाच वापर दिसतो. जेसन पेलिअससमोर राज्य मागायला उभा राहतो तेव्हा तो आधी आठवण देतो की क्रेथिअस आणि सॅल्मोनिअस एकाच आईचे, आणि आपण त्यांच्या तिसऱ्या पिढीतले. नातलगांनी तलवारी उपसून वारसा वाटून घेणं बरं नव्हे, असं त्याचं म्हणणं. हे भाषण झाड समोर ठेवून वाचा आणि प्रत्येक नावावर बोट ठेवत जा.

पुढचा सराव

टायरोचं झाड झालं की पेरो घ्या. 'ओडिसी' ११.२८७ पासून दहा-अकरा ओळी, मग १५.२२५ पासूनचा भाग, मग अपोलोडोरस १.९.१२. नेलिअस अट घालतो की फिलॅकसच्या गाई आणून देईल त्यालाच मुलगी देईन. बायससाठी त्याचा भाऊ मेलॅम्पस गाई आणायला जातो, पकडला जातो आणि वर्षभर कोठडीत पडतो. त्याला कीटकांची भाषा कळते. छताच्या लाकडातले किडे आपसांत म्हणत असतात की तुळई जवळजवळ खाऊन झाली. मेलॅम्पस पहारेकऱ्यांना सांगून दुसऱ्या कोठडीत जातो, आणि थोड्याच वेळात पहिलीचं छत कोसळतं. ही गोष्ट होमरमध्ये किती आहे आणि अपोलोडोरसने किती भरली आहे, ते पहिल्या पायरीसारखेच दोन रकाने पाडून तपासा. पेरोनंतर क्लोरिस, मग अल्सेस्टिस. अल्सेस्टिसच्या बाबतीत युरिपिडीसचं इ.स.पू. ४३८ मधलं नाटक अखंड उपलब्ध आहे, म्हणून तिला शेवटी ठेवा. आधी तिची आजी, काकू आणि काका ओळखीचे झालेले असले की त्यातला म्हातारा फेरीस मुलासाठी मरायला नकार देतो तेव्हा तो टायरोचा मुलगा बोलतो आहे, हे तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.